कवा आला, कवा जायचं?

सुट्टीवर आलेला फौजी खटाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात एसटीतून उतरला, की पारावर बसलेली मंडळी त्याला दोन प्रश्न विचारतात. पहिला, "काय मेजर, कवा आला?" आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घेण्याआधीच दुसरा, "मग, कवा जायचं?" माणूस शिपाई असो, हवालदार असो की सुभेदार, गावाने त्याला परस्पर मेजर करून टाकलेले असते, आणि खांद्यावरची बॅग खाली उतरण्याआधी त्याच्या परतीची चौकशीही उरकलेली असते. आमच्या ह्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही तो दुसरा प्रश्न बोचतो. मला तो कधी बोचला नाही. फौजीच्या घरातल्या बाईला या दोन तारखा सर्वांत आधी ठाऊक असाव्या लागतात, कारण वर्षभर साठत आलेला सगळा संसार त्या दोन तारखांच्या मध्ये बसवायचा असतो; आणि अलीकडे आमच्या घरी त्या दोन्ही तारखा बहुधा डिसेंबरच्या आसपासच पडत आल्या आहेत.

डिसेंबरच का, याला कारण आहे. सैन्यातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. हा आकडा ऐकून नागरी नोकरीतल्या माणसाला हेवा वाटतो, आणि आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तो मला अनेकदा बोलूनही दाखवला गेला आहे. परंतु पलटणीतून एका वेळी ठरावीक माणसेच बाहेर पडू शकतात, आणि गणपती, दिवाळी व लग्नसराईचा मे महिना यांवर सगळ्यांचाच डोळा असतो. हे मराठा लाइट इन्फंट्रीत नायब सुभेदार झाले, तेव्हापासून सुट्टीच्या यादीत त्यांचाही शब्द चालू लागला, आणि ज्याचा शब्द चालतो त्याने चांगले दिवस स्वतःसाठी राखू नयेत, असा त्यांचा हट्ट आहे. कोकणातल्या पोरांना गणपती, नव्याने लग्न झालेल्यांना दिवाळी, ज्याच्या बहिणीचे लग्न त्याला मे महिना, आणि उरलासुरला डिसेंबर साहेबांना. मी यावर पूर्वी वाद घालत असे. आता घालत नाही, कारण डिसेंबरात इकडे वाटाणा, हरभऱ्याची भाजी, वांगी, गूळ असे सगळे ताजे मिळते आणि पाहुण्यांची वर्दळ दिवाळीपेक्षा कमी असते, एवढे दोन फायदे मी शोधून काढले आहेत.

सुट्टी मंजूर झाली म्हणजे माणूस घरी आला, असे मात्र होत नाही. ह्यांची नेमणूक लडाखमध्ये, आणि तिथून खाली येण्याच्या वाटा नोव्हेंबरपासून एकेक करून आखडत जातात. मनालीकडचा रस्ता बंद होतो, श्रीनगरकडच्या झोजिला खिंडीचा भरवसा उरत नाही, आणि मग सगळी भिस्त लेहच्या विमानावर येते. लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे, चहूबाजूंनी डोंगर आहेत, दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून विमानांची ये-जा सकाळीच उरकतात. सकाळी ढग खाली उतरले, की त्या दिवसाचे उड्डाण गेले म्हणून समजावे. तिथून सुटून दिल्लीला यावे, तर तिथे धुके पसरलेले असते आणि गाड्या तासन् तास उशिराने धावत असतात. त्यामुळे "निघालो" या फोनवर आमच्याकडे कोणी जागचे हलतही नाही. "लेह सुटलं" असे कळले की गावाकडे आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवापुढे साखर ठेवतात. गोवा एक्स्प्रेसने पुणे सोडल्याचा फोन आला की मग मी सातारच्या घरात बाजरीचे पीठ चाळायला घेते आणि मुले माहुलीच्या स्टेशनवर जाण्यासाठी स्वेटर शोधू लागतात.

आता यात एक अडचण दरवर्षी येते. डिसेंबरातले बरेच दिवस मार्गशीर्षाचे असतात. आत्यांचे महालक्ष्मीचे गुरुवार कडक, आणि त्यांच्या घरात तो सबंध महिना सामिष काही शिजत नाही. तिकडे महिनोन् महिने डबाबंद अन्न खाऊन आलेल्या माणसाने पहिल्या रात्री पानात काय पाहावे, तर शेवग्याची आमटी आणि पालेभाजी. हे एक अक्षर बोलत नाहीत. मात्र सुट्टीच्या पहिल्या रविवारी त्यांचे बालमित्र त्यांना विहिरीवरची पाइपलाइन दाखवायला रानात घेऊन जातात, आणि ती पाइपलाइन पाहायला दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ लागतो. आत्यांना सगळे कळते. त्या फक्त म्हणतात, "हात धुऊन देवघरात जा."

"तो आल्यावर बघू" हे वाक्य आमच्या घरी वर्षभर चालते. जुलैत विहिरीवरची मोटार जळते. ती तात्पुरती भरून घ्यायची, पण नवी घ्यायची की नाही, हे तो आल्यावर बघू. नणंदेच्या मुलीला स्थळ येते; पत्रिका ठेवून घ्या, मामा आल्यावर बघू. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा गुडघा, घराची गळती, गाडीचा विमा, बँकेतल्या ठेवीवरचे नाव, बांधावरची बाभळ तोडण्याची परवानगी, सगळे त्याच एका फळीवर चढवून ठेवलेले. लडाखमध्ये रस्ते बंद होण्याआधी पुढच्या कित्येक महिन्यांचे रेशन, रॉकेल, औषधे चौक्यांवर चढवून ठेवतात, त्याला ते हिवाळी साठवण म्हणतात. साठवण आमचीही असते, फक्त ती कामांची असते आणि ती संपवायला एकच माणूस येणार असतो, तोही विश्रांतीसाठी म्हणून. लोक सैनिकाच्या कुटुंबाच्या त्यागाविषयी फार मनापासून बोलतात, आणि त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. परंतु आमच्यासारख्या घरावर रोजच्या रोज जे ओझे असते, ते निर्णयांचे आणि कागदांचे असते. भीती असते, ती एका कोपऱ्यात कायमची बसलेली असते, तिच्याशी जमवून घेता येते. सातबाऱ्याशी जमवून घेता येत नाही.

यंदाचा सातबारा असा, की मामांचे थोरले भाऊ मागच्या वर्षी वारले. जमीन वडिलोपार्जित, विहीर सामाईक, आणि चुलतभावांत भांडण म्हणून नाही. फक्त वारसांची नावे लागायची होती. अर्ज दिल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस निघते, त्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नियम रास्त आहे, त्यामागे शेकडो भांडणांचा अनुभव आहे. पण ज्याची सगळी सुट्टीच चार आठवड्यांच्या आत आहे आणि ज्याचा पहिला आठवडा कागद गोळा करण्यात जाणार आहे, त्याने हे १५ दिवस कुठून आणायचे?

मी त्या दिवशी रजा टाकून ह्यांच्याबरोबर गेले होते. कार्यालयाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर हे बसले होते, पाठ ताठ, बूट चकचकीत, मांडीवर बटणाची प्लॅस्टिकची फाइल, आणि तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. आजोबांच्या नावात एका कागदावर 'राव' होते आणि दुसऱ्यावर नव्हते, तेवढ्यावरून प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले गेले होते. शेजारी बसलेले एक म्हातारेबाबा म्हणाले, "मेजर, तुमचं लवकर हुईल, मिलिटरीचं हाय." लवकर काही झाले नाही. वाट पाहता पाहता ह्यांनी त्या बाबांचा अर्ज हातात घेतला, चष्मा लावला आणि काळ्या शाईच्या पेनने स्वच्छ अक्षरात तो भरून दिला. मग दुसऱ्याचा भरला. अर्ध्या तासात बाकासमोर रांग लागली, आणि रांगेत एकाच्या मागे एक नीट उभे राहण्याची सूचनाही त्यांनी सवयीने दिली, जी लोकांनी निमूट पाळली. आमची नोंद धरली गेली ती दोन खेपांनंतर. नोटिशीची मुदत ह्यांची गाडी सुटल्यावर संपणार, हे हिशेब करताच आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आले, आणि बाहेर येऊन उसाचा रस पिताना ह्यांनी ती फाइल काही न बोलता माझ्या पिशवीत ठेवली.

आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत का, असे बाहेरचे लोक विचारतात, त्याचे उत्तरही याच फाइलीत थोडेफार सापडते. माण-खटाव हा पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस नावापुरता, आणि वाटण्या होत होत तुकडे झालेली जमीन. तेव्हा एक भाऊ रानात, एक मुंबईला माथाडीत आणि एक पलटणीत, अशी घरांची वाटणी पिढ्यान् पिढ्या होत आली. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखतात. तिथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. देशप्रेम खरे आहेच, पण त्याच्या शेजारी दर महिन्याला येणारा पगार आणि म्हातारपणाचे निवृत्तिवेतनही उभे आहे, आणि ते सांगताना आमच्यापैकी कुणालाही कमीपणा वाटत नाही.

डिसेंबरात शाळेत माझ्याकडे आणखी एक काम असते. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून तो पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल, अशा तीन रंगांचे कागदी ध्वज मुलांना वाटायचे, निधी गोळा करायचा आणि हिशेब मुख्याध्यापकांकडे द्यायचा, हे काम आपोआपच माझ्याकडे आलेले आहे. त्याच वेळी "बाई, तुम्ही दोन शब्द बोला" असाही आग्रह होतो. मी मुलांना हे पैसे कुठे जातात, तेवढे सांगते: युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया, अपंगत्व आलेले जवान, माजी सैनिक आणि त्यांची मुले यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत काय काय मदत होते, आणि दहा रुपयांचाही हिशेब कसा लागतो. भाषण म्हणून ते फारसे रंगत नाही, हे मला मुलांच्या चेहऱ्यांवरून कळते. यंदा एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, तुमचे मिस्टर बंदूक घरी आणतात का?" नाही म्हटल्यावर त्याचा माझ्या कुटुंबातला रस संपला.

मामांचा डिसेंबर वेगळाच आहे. ते १ मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीचे. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. ९ डिसेंबरला जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याविषयी पत्र पाठवण्यात आले, तेव्हा तिथले कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट आमच्या घरातल्या लहान मुलालाही पाठ आहे. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून निघण्याचा त्यांचा प्रयत्न मराठ्यांनी हाणून पाडला, ११ तारखेला जमालपूर पडले, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा सुमारे ९३,००० युद्धकैदी भारताच्या हाती आले. १६ तारखेला मामा पदके लावून विजय दिवसाच्या कार्यक्रमाला जातात. तिथे शाल घेतात, नारळ घेतात आणि लढाईविषयी कुणी विचारले, तर त्या रात्रीच्या थंडीविषयी बोलतात. ओल्या पायमोज्यांत किती चालावे लागले, एवढेच त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकले आहे.

उरलेले आत्यांकडून ऐकले. त्या वेळी त्यांच्या पदरात पहिली मुलगी होती. घरात रेडिओ नव्हता; ग्रामपंचायतीच्या रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्या लागत, त्या पुरुष ऐकत आणि घरी येऊन जेवढे सांगावेसे वाटे तेवढे सांगत. आत्या म्हणतात, "पोस्टमन लांबनं दिसला, की मी रानातनं उठून घरात जाऊन बसायची. चिठ्ठी असंल तर हाक मारंल. तार असंल तर त्यो सासऱ्यांकडं जाईल, मला कशाला दिसायला पायजे?" लढाई संपल्यावर, संक्रांतीच्या सुमारास एक आंतर्देशीय पत्र आले. त्यात 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' असे होते, पण तारीख लढाईच्या आधीची होती. घरात कुणी वाचणारे नीट नव्हते, आणि तारखेकडे कुणाचे लक्षच गेले नाही. त्यामुळे घरच्यांनी त्याच दिवशी गूळ वाटला. खरी खुशाली त्यानंतर आली, तेव्हा वाटायला घरात गूळ उरला नव्हता. हे सांगताना आत्या आजही हसतात.

त्यांच्या तुलनेत माझे दिवस सुखाचे, असे मला कुणी म्हटले तर मी नाकारणार नाही. रेंज असेल तेव्हा व्हिडिओ कॉल होतो, मुलांना बाप दिसतो. परंतु या फोनने एक वेगळेच काम वाढवले आहे. आत्यांच्या काळी माणूस गेला, की घराची सूत्रे पूर्णपणे मागच्यांच्या हाती येत. आता सूत्रे अर्धी इथे आणि अर्धी तिथे असतात. उणे वीस तापमानात उभा राहून माणूस विचारतो, "टाकीचा कॉक बंद केला का?" आणि आपण तो बंद केलेला असतो, चार दिवसांपूर्वी, स्वतःच्या अकलेने.

म्हणून सुट्टीतला एक भाग असा असतो, ज्याविषयी फौजींच्या बायका आपापसांत मोकळेपणाने बोलतात आणि इतरांपुढे बोलत नाहीत. त्याच्याशिवाय चालायला शिकलेल्या घरात तो येतो. पहिले दोन दिवस पाहुणा असतो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मुलांच्या बुटांना पॉलिश करतो, अंथरुणाच्या घड्या तपासतो, गच्चीवरच्या दोऱ्या ताणून बांधतो. हे सगळे चांगलेच आहे. पण यंदा एका संध्याकाळी धाकट्याने सायकलवरून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊ का, असे विचारले, हे म्हणाले, "जा." तो दारापर्यंत गेला, परत फिरला आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आई, जाऊ ना?" मी कढईतून मान न वळवता हो म्हटले. बैठकीत वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. रात्री ह्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही, दुसऱ्या दिवशी मात्र थोरलीने सहलीच्या फॉर्मवर सही मागितली, तेव्हा ते म्हणाले, "आईला विचारलंस का?" यात त्यांचा समजूतदारपणा होता की राग, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

फौजींची कुटुंबे दोन प्रकारची असतात. एक, जे काळ्या ट्रंका घेऊन नवऱ्यामागे गावोगाव फिरते. पीस पोस्टिंग, म्हणजे शांत भागातली नेमणूक मिळाली की क्वार्टर, मुलांना केंद्रीय विद्यालय, दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा आणि नवे शेजार. दुसरे, जे एका जागी राहते. नवरा फील्डवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असताना कुटुंबाला छावणीत स्वतंत्र घर मिळण्याची सोयही असते, आणि तिथे आसपासच्या सगळ्याच जणी एकाच नावेतल्या असल्यामुळे बरे वाटते, असे माझ्या मैत्रिणी सांगतात. माझी नोकरी, मामांचा गुडघा आणि मुलांचे मराठी माध्यम यांमुळे मी सातारला राहिले. त्याचा पश्चात्ताप नाही. पण छावणीत राहणाऱ्या बाईला शेजारणीला काहीच समजावून सांगावे लागत नाही, आणि मला अजूनही सोसायटीतल्या काकूंना सांगावे लागते, की फौजींच्या सवलतीच्या कॅन्टीनमधून सगळ्या इमारतीसाठी मिक्सर आणता येत नाहीत. सोसायटीतल्या काकांची मागणी मिक्सरपेक्षा वेगळी असते आणि ती ते ह्यांना जिन्यात गाठून करतात.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा याच दिवसांत येते. रथावर नोटांच्या माळा चढतात, बैलबाजार भरतो, आणि सुट्टीवर आलेले जिल्हाभरचे फौजी तिथे एकमेकांना हटकून भेटतात. आम्ही गेलो, नारळ वाढवला, भेळ खाल्ली, धुळीने भरून परत आलो. त्या एका दिवसात ह्यांनी घड्याळ पाहिले नाही, एवढे नोंदवण्यासारखे.

त्यानंतरचे दिवस बांधाबांधीचे. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, भडंग आणि पौष लागायच्या आतच केलेले तिळाचे लाडू. हे सगळे केवळ ह्यांच्यासाठी नसते. ज्यांना यंदा सुट्टी मिळाली नाही, त्यांच्या वाटणीचे असते, आणि त्यात माणचे कोण, कागलचे कोण, कुणाला तिखट सोसत नाही, हे मला न भेटताही ठाऊक झाले आहे. बांधण्याचे एक तंत्र आहे. हवाबंद पाकीट घट्ट भरून न्यायचे नाही. खाली सपाट दिसणारे पाकीट लेहला पोचेपर्यंत उशीसारखे टम्म फुगते, कारण तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो. एका वर्षी भडंगाचे पाकीट बॅगेतच फुटले, आणि एका गरम जाकिटाच्या खिशांतून कुरमुरे पुढे सबंध हिवाळा निघत राहिले. तेव्हापासून मी पिशवीतली हवा हाताने दाबून काढते, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवते, आणि ती सुती कापडाच्या दुसऱ्या पिशवीत शिवून टाकते. मागाहून काही पाठवायचे राहिले, तर पार्सल जाते. पत्त्यात गाव नसते, जिल्हा नसतो, फक्त क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि '५६ एपीओ', म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. पोस्टातला नवा कारकून दर वेळी विचारतो, "गाव कुठलं लिहू?"

परतीची तारीख इतक्या काटेकोरपणे का ठरते, हेही सांगायला हवे. उंचीवर जाणाऱ्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हावी लागते. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात आधी ६ दिवस, मग १५,००० फुटांपर्यंत ४ दिवस, त्याच्याही वर जायचे तर आणखी ४ दिवस, असे टप्पे ठरलेले आहेत, आणि ते मोडले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी होऊन धडधाकट माणूस दगावू शकतो. चार आठवड्यांहून अधिक काळ खाली काढला, तर हे सारे टप्पे पहिल्यापासून करावे लागतात. त्याच्या आत परतलात, तर कमी दिवसांत भागते. तेव्हा आमच्या सुट्टीची लांबी ठरवण्यात साहेबाच्या सहीइतकाच माणसाच्या रक्ताचाही वाटा असतो, आणि "दोन दिवस वाढवून घ्या की" असे म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे समजावण्याच्या भानगडीत आता आमच्यापैकी कुणी पडत नाही.

हे गेले, आणि लेहला पोचल्यावर सक्तीच्या विश्रांतीवर बसले. चालायचे तर सावकाश, पाणी भरपूर प्यायचे, धावपळ नाही, ड्यूटी नाही. इथे असताना ज्या माणसाला माझ्याशी सलग दहा मिनिटे बोलायला सवड झाली नाही, त्याचे तिथून दिवसातून चार-चार फोन सुरू झाले. फेरफाराचे काय झाले, मामांनी गुडघ्याचा पट्टा लावला का, हे झाल्यावर एका रात्री सुट्टीभर बाजूला राहिलेला विषय निघाला. धाकटा पाचवीत आहे. १९६१ साली सुरू झालेले देशातले पहिले सैनिक स्कूल आमच्या साताऱ्यातच आहे, आणि सहावीच्या प्रवेशासाठी जानेवारीत परीक्षा आहे. फॉर्म मामांनी आग्रह धरून भरायला लावला होता. नातवाने तिथे जावे, पुढे अधिकारी व्हावे, असे त्यांना फार वाटते. शिपायाचा मुलगा सुभेदार, सुभेदाराचा मुलगा कर्नल, हा हिशेब त्यांनी मनाशी केव्हाच मांडून ठेवला आहे. मी अभ्यास घेते आहे, अंकगणित बरे आहे, पण मनातून मी हो म्हणते आहे की नाही, हे मला नेमके सांगता येत नव्हते, आणि ह्यांनी तर सुट्टीभर या विषयावर तोंडच उघडले नव्हते.

मी म्हटले, "तुमचं मत काय?"

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला वाटले रेंज गेली. मग म्हणाले, "परीक्षा देऊ दे. पण लागला नंबर, तर जायचं का नाही, ते त्याला विचार. मला कुणी विचारलं नव्हतं."

"मामांना हे सांगू?"

"नको. मी आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी गणिताचे पुस्तक मिटता मिटता मी धाकट्याला सरळ विचारले. त्याने पेन्सिल चावत विचार केला आणि उलट मलाच विचारले, की तिथे रोज सायकल चालवायला देतात का, आणि बाबा सुट्टीवर आले की त्यालाही सुट्टी मिळेल का. सायकलीचे मला ठाऊक नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहावे लागेल. ते मिळवून सांगते, असे मी त्याला म्हटले आहे.